एकोणीस टक्के शिल्लक

"मेहकरला फोन केलास का?" आप्पांनी विचारलं.

मी डिकीत आहेराच्या पिशव्या लावत होतो. सकाळचे पावणेसात वाजले होते, आणि मे महिन्यातलं ऊन तेवढ्यातच मानेला चटके देत होतं.

"फोन कशाला? हे बघा ना." मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "हिरवा ठिपका दिसतोय? म्हणजे तिथला चार्जर चालू आहे."

"ठिपका काय बोलतो का? माणसाला विचार."

"आप्पा, आता असं कुणी विचारत नाही."

पांढरा फुल शर्ट, वरचं बटण लावलेलं, डोक्यावर टोपी, असे ते पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा कुठे अडकवायचा ते शोधू लागले.

आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून त्यांनी तीस वर्षं गाड्या सोडल्या. पुढच्या स्टँडला फोन करून रस्ता कसा आहे, पुलावर पाणी आहे का, हे विचारल्याशिवाय त्यांनी एक गाडी फलाटावरून हलू दिली नाही. प्रवासी खिडकीवर थापा मारायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. हे आपले रिसीव्हर कानाला लावून शांत. लहानपणी मला त्यांची लाज वाटायची.

आणि मी कोण, तर संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला असलेला माणूस. आमच्या कॉलनीत विजेवरची गाडी सगळ्यात आधी मी घेतली. तेव्हा रस्त्यावर चार्जर मोजकेच असायचे, त्यामुळे लांब जायचं तर कुठे थांबायचं, किती टक्क्यांवर पोचायचं, किती टक्क्यांवर निघायचं, हे आधी कागदावर मांडावं लागे. ते काम मला फार आवडायचं. विजेच्या गाडीवाल्यांचा एक ग्रुप होता, त्यावर लोक मला विचारून निघत. "साहेब, सोलापूरला जायचंय, प्लॅन द्या." मी देत असे. माझा नियम एकच. कुठेही पोचताना दहा टक्के शिल्लक हवेत. त्याच्या खाली आकडा गेला की माझा जीव कासावीस व्हायचा. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असं माझी बायको सुषमा म्हणायची आणि स्वतः ट्रॅव्हल्सनं जायची. याही वेळी ती मुलांना घेऊन दोन दिवस आधी गेली होती.

जायचं होतं यवतमाळला. माझी धाकटी बहीण वैजयंती तिथे असते. तिच्या मुलीचं, शलाकाचं, लग्न होतं. गोरज मुहूर्त, सहा वाजून बेचाळीस मिनिटं. मामानं हात धरून नवरीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टका होईस्तोवर तिच्या मागे उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. मामा मी एकटाच. पण माझ्यापेक्षा आप्पांचं पोचणं मोठं होतं.

आप्पांनी वैजूचं तोंड एकवीस वर्षं पाहिलं नव्हतं. तिनं जातीबाहेर लग्न केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा तहसीलमध्ये रांगेला उभे राहिले आणि रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करून आले. लग्न झालेल्या मुलीचं नाव सगळेच कमी करतात, पण दुसऱ्या दिवशी कुणी करत नाही. आई गेली तेव्हा वैजू आली होती, तेव्हा आप्पा मागच्या दारानं निघून गेले.

मग जानेवारीत शलाका एकटीच आली. "आजोबा, मी शलाका," म्हणून समोर बसली. दोन तास बसली. जाताना तिनं सहज विचारलं, "यवतमाळ किती लांब आहे हो इथून?" आप्पा म्हणाले, "तीनशे चाळीस." आमच्या डेपोची एकही गाडी यवतमाळला जात नव्हती. तरी त्यांना आकडा पाठ होता.

ती गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "लग्नाला मी येणार. वैजूशी मला बोलायचंय."

"काय बोलणार आहात?"

"ते तिच्यासमोर. अक्षता पडायच्या आत. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम नको. आधी बोलेन, मग राहायचं का नाही ते ती ठरवील."

म्हणून आम्ही लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. कागदावर दोनच थांबे होते, मेहकर आणि कारंजा. तीन वाजता यवतमाळ. वैजूला मी तसं कळवलंही होतं.

मेहकरच्या अलीकडे रस्त्यावर एक हॉटेल होतं, त्याच्या आवारात चार्जर होता. सव्वादहाला पोचलो. गाडीत तेहेतीस टक्के होते, अगदी माझ्या कागदाप्रमाणे. मी वायर लावली. काहीच झालं नाही. काउंटरवरचा माणूस वर्तमानपत्रानं वारा घेत होता.

"लाईन नाही जी," तो म्हणाला. "सकाळपासून गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला."

"ॲपमध्ये तर चालू दाखवतंय."

"ते काल दाखवत असन. मशीनला कोण सांगते लाईन गेली म्हणून? तुम्ही फोन करायचा होता नं. बोर्डावर नंबर हाय."

मी आप्पांकडे पाहिलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं आणि रागही आला. आम्ही तिथे तासभर थांबलो, कारण येईल-येईल म्हणत होते. मी कागदाच्या मागच्या बाजूला आकडेमोड करत होतो. कारंजा अजून शंभराच्या वर किलोमीटर. तेहेतीस टक्क्यांत ऐंशी जेमतेम.

"डोणगावला मेहबूब आहे," आप्पा एकदम म्हणाले. "आमचा ड्रायव्हर. इथून वीस-बावीस. त्याच्या घरी वीज असंल. तुझ्या गाडीला साधा प्लग चालतो ना?"

चालायचा. पण घरच्या प्लगवर तासाला दहा टक्के चढतात, जास्त नाही.

मेहबूबभाईंनी आप्पांना पाहिलं आणि हातातलं ताट बाजूला ठेवून उठले. सत्तरीचा, उंच, वाकलेला माणूस. "कंट्रोलर साहेब, तुमी? माह्या घरी?" म्हणून त्यांनी आप्पांचे दोन्ही हात धरले. कूलरचा प्लग काढून ती जागा माझ्या गाडीला दिली. मग आतून टेबलफॅन आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवला. पावणेबारा झाले होते. पंचवीस टक्के. मी खाटेवर बसून दर दहा मिनिटांनी मोबाईलवर आकडा बघत होतो.

जेवण झालं. आप्पा दोनच घास जेवले. ताकाचा तांब्या त्यांच्यापुढे तसाच होता. "पाणी तरी घ्या, साहेब," मेहबूबभाई म्हणाले.

"नको. पाणी प्यालो की मला उतरावं लागतं. आधीच उशीर झालाय. ह्याच्या हिशोबात बसत नाही."

मी मनातल्या मनात त्यांचं कौतुक केलं. हे खरं आहे, म्हणून सांगतो.

दीड वाजता मेहबूबभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेबाइले या उन्हात नेऊ नका, भाऊ. माहा पुतण्या बोलेरो चालवते. एसी हाय. तो सोडून देईन यवतमाळले, चार-साडेचारला पोचान. तुमची गाडी राहू द्या इथंच, चार्ज होऊ द्या बिनघोर. उद्या घेऊन जा."

माझ्या तोंडावर आलं होतं, हो म्हणून. पण ग्रुपवर मी सकाळीच लिहून बसलो होतो, संभाजीनगर ते यवतमाळ, दोन थांबे, तीन वाजता पोच. पस्तीस जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले होते. दुसऱ्याच्या डिझेलच्या गाडीतून लग्नाच्या दारात उतरायचं, आणि मागून सुषमाचा बैल रिकामा ऐकायचा. मी गप्प राहिलो. आप्पा खाटेवरून आमच्याकडे बघत होते. त्यांनी माझं तोंड वाचलं असावं.

"राहू दे मेहबूब," ते म्हणाले. "ह्याच्याच गाडीनं जाऊ. ह्यानं हिशोब केलाय."

सव्वादोनला आम्ही निघालो. पन्नास टक्के होते. कारंजा अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. एसी लावला तर पोचताना तीन-चार टक्के उरले असते, न लावला तर दहा-अकरा. मी एसी बंद केला. वेग पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. काचा चार बोटं खाली ठेवल्या, कारण पूर्ण उघडल्या की वारा भरतो आणि गाडीला जोर लावावा लागतो. बाहेर पंचेचाळीस होतं. आत येत होती ती हवा भट्टीच्या तोंडाची.

"आप्पा, गरम होतंय का? लावू का एसी थोडा वेळ?"

"नको. आमच्या गाड्यांना कुठं होता एसी."

थोड्या वेळानं मी परत विचारलं. ते स्क्रीनकडे बघत होते. एव्हाना त्यांना आकडा वाचता यायला लागला होता. "बेचाळीस झाले," ते म्हणाले. "नको लावू."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मला गार वाटतंय."

मला पटलं ते. पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

वाशिमकडचं मालेगाव मागे पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाभळीखाली शेळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. पुढे एक चढ लागला आणि आकडा भराभर उतरायला लागला. तेहेतीस. बत्तीस. एकतीस. माझे डोळे रस्त्यापेक्षा त्यावरच.

"तुला सांगून ठेवतो," आप्पा म्हणाले. आवाज जरा जड येत होता. "वैजूला काय सांगायचंय ते. म्हणजे तिथं गडबडीत नाही जमलं, तर तू सांग तिला."

"थांबा जरा, आप्पा," मी म्हणालो. "हा चढ संपू द्या. मला आकडा बघू द्या."

"बरं," ते म्हणाले.

चढ संपला. उतारावर एक टक्का परतही मिळाला. मी हुश्श केलं आणि म्हणालो, "हं, काय सांगत होतात?" त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपू दे, म्हटलं. सकाळी पाचपासून उठलेले.

सुरुवातीला ते सारखे रुमालानं मान पुसत होते. नंतर रुमाल मांडीवर तसाच पडून राहिला. घाम थांबला होता. मला वाटलं, सवय झाली.

चार वाजता कारंजा. गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावरचा चार्जर चालू होता. अकरा टक्क्यांवर पोचलो. मला इतका आनंद झाला की मी स्क्रीनचा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

वायर लावली, गाडीची दारं उघडून ठेवली. चार्जिंगला लावून एसी चालवता येतो, पण मग आकडा हळू चढतो. मी नाही चालवला. टपरीवरून आप्पांसाठी लिंबू सरबत आणलं. त्यांनी ग्लास हातात घेतला आणि तो तसाच कलंडला, सगळं शर्टावर. मी रुमालानं पुसत म्हणालो, "लग्नाचा शर्ट, आप्पा."

ते समोरच्या पंपाकडे बघत होते. "मेहकर लागली का?"

"मेहकर गेलं मागं."

"कंडक्टरला सांगा, वाशिमचे पाशिंजर आधी घ्या. उभे नका घेऊ."

मी हसलो. आप्पा कधीमधी असे स्टँडच्या भाषेत चेष्टा करायचे. पाहुणे फार बसले की म्हणायचे, शेवटची गाडी लागली आहे. मला वाटलं, मेहकरच्या फोनवरून मला टोमणा आहे. "हो साहेब, सांगतो," मी म्हणालो.

पावणेपाचला पंचावन्न टक्के झाले. आणखी थांबलो असतो तर वेळ गेला असता. पंचाहत्तर किलोमीटर राहिले होते, ते पंचावन्नात आरामात होणार होते. तरी मी एसी लावला नाही. वाटेत काही झालं तर? पुन्हा एखादा चढ? एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं होतं.

दारव्ह्याच्या पुढे वैजूचा फोन आला. "दादा, कुठवर आलास? इथं गुरुजी घाई करायलेत."

"सव्वासहाला पोचतो. मामाशिवाय नवरी हलत नाही, सांग त्यांना."

"आप्पा कसे आहेत?"

"मजेत. डेपो चालवतायत."

ती हसली. इतक्या वर्षांनी ती त्यांच्या नावावर हसलेली मी ऐकली. "दे ना जरा," ती म्हणाली.

"झोपलेत."

"मग असू दे. समोरच बोलते."

बरोबर सव्वासहाला मी कार्यालयाच्या फाटकात गाडी उभी केली. सनई चालू होती. दारात रांगोळी, केळीचे खुंट, अत्तर लावायला उभ्या असलेल्या दोन मुली. मी हँडब्रेक ओढला आणि सवयीनं स्क्रीनकडे पाहिलं.

एकोणीस टक्के.

एसीला तासाला चार टक्के लागतात, फार तर पाच. हे मला तेव्हाही माहीत होतं. कारंज्यापासून इथवर दीड तास. मी बसल्या जागी हिशोब केला. करायचा नव्हता, तो आपोआप झाला.

"आप्पा, पोचलो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली नाही. डोळे उघडे होते.

वैजू धावत आली, आणि गाडीपासून दोन पावलांवर थांबली. मोरपंखी शालू, नाकात नथ, केस कानापाशी पांढरे झालेले. आप्पांनी पाहिली होती ती चोवीस वर्षांची मुलगी. ती तशीच उभी राहिली. मग तिनं दार उघडलं आणि खाली वाकून म्हणाली, "आप्पा."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ.

"कुठं जायचंय, बाई?" ते म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग गेलं. तिला वाटलं, राग अजून आहे, ओळख दाखवायची नाही म्हणून असं बोलतायत. मला ते दिसलं. तिनं पाया पडायला हात पुढे केला, त्यांच्या हाताला तो लागला, आणि तिनं झटकन त्यांच्या कपाळाला, मानेला हात लावून पाहिला.

"दादा, अंग किती तापलंय. घाम पण नाही. एसी बंद होता का?"

"हो."

"कुठून?"

"डोणगावपासून."

तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. विदर्भात ऊन लागलेलं माणूस कसं दिसतं, हे तिला सांगावं लागत नाही. ती नवऱ्याला, प्रफुल्लरावांना, हाका मारत सुटली. कुणी बर्फ आणला, कुणी ओली चादर. आप्पांना उचलून प्रफुल्लरावांच्या गाडीत मागच्या सीटवर घेतलं. वैजू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आप्पा तिचा पदर धरून परत विचारत होते, "कुठं जायचंय सांगा लवकर. मागं लाईन आहे."

"घरी," वैजू म्हणाली. "घरी जायचंय, आप्पा."

"गाडी यायचीय अजून. बाकावर बसा."

"बसते."

मीही गाडीत चढायला लागलो. तिनं हातानं अडवलं. "तू मांडवात जा. मुहूर्त टळू देऊ नको. माझ्या पोरीच्या मागं कुणीतरी असायला पाहिजे."

म्हणून मी गेलो. सगळं वेळेत होतं, सांगतो ना. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी मी शलाकाचा हात धरून तिला खोलीतून बाहेर आणलं. मुंडावळ्यांतून ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मामा, आजोबा आले ना?"

"आले."

"आई कुठंय?"

"त्यांच्याजवळ."

"बोलतायत दोघं?"

"हो," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. अंतरपाटामागे ती उभी राहिली आणि मी तिच्या मागे. मंगलाष्टका सुरू झाल्या. लोक अक्षता टाकत होते. सुषमानं दुरून मला खुणेनं विचारलं, काय झालं, आणि मी मान हलवली. माझ्या खिशात फोन थरथरत होता. तो थांबला, परत थरथरला. शेवटच्या 'सावधान'पर्यंत मी खिशात हात घातला नाही.

आप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. शुद्धीवर आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं. दोन तास आधी आम्ही कारंज्याला होतो. तिथेही दवाखाने आहेत.

त्यांच्या तेराव्याला वैजू घरी आली. संभाजीनगरच्या घराचा उंबरा तिनं एकवीस वर्षांत एकदाच, आईच्या वेळी ओलांडला होता. पाहुणे पांगल्यावर ती बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर बसली. बराच वेळ हातातल्या बांगड्या फिरवत राहिली.

"दादा, वाटेत माझ्याबद्दल काही बोलले का?"

हे ती विचारणार, हे मला माहीत होतं. मी तयारी करून ठेवली होती. या बाबतीतही प्लॅन होता माझा.

"बोलले ना," मी म्हणालो. "म्हणाले, वैजूला सांग, चूक माझी होती. मी तिला फार दुखवलं, तिनं मला माफ करावं."

वैजूनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"आप्पांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही," ती म्हणाली. "आईचीसुद्धा नाही. खरं काय बोलले ते सांग. शिवी दिली असली तरी चालेल. मला तीच हवी आहे."

मग मी सांगितलं. चढ, एकतीस टक्के, सगळं. "ते सांगणार होते, वैजू. मी थांबा म्हणालो."

"आणि?"

"बरं म्हणाले."

"नंतर तू विचारलं नाहीस?"

"विचारलं. झोपले होते."

"झोपले नव्हते," ती म्हणाली.

ती उठली, पदर नीट केला, आत जाऊन सुषमाचा निरोप घेतला. प्रफुल्लराव गाडी घेऊन दारात उभेच होते. मी फाटकापर्यंत गेलो. तिनं काच वर केली, त्यांना एसी लावायला सांगितलं, आणि ते निघाले.

याला आता पाच वर्षं होतील. रस्त्यावर जागोजाग चार्जर झालेत, कुणाला माझा प्लॅन लागत नाही, आणि मी तो ग्रुपही सोडला. शलाकाचा फोन येतो. तिला मुलगी झाली. वैजूचा येत नाही, मी केला तर ती उचलत नाही. श्रावणात पोस्टानं राखी मात्र येते, अगदी वेळेवर, चुकत नाही. पाकीट मी फाडून उलटं करून बघतो. आत राखीच असते, दुसरं काही नसतं.